इंधन दरातील घसरण आणि सामान्य वाहनधारक : पुणे मार्केट यार्डाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत कच्च्या तेलाचे दर कोसळल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकली की, सामान्य वाहनधारकाची नजर साहजिकच पेट्रोल पंपावरील दरफलकाकडे वळते. बहुतेक वेळा त्या फलकावरील आकडा जागचा हललेला नसतो आणि हललाच तर काही पैशांनी. याउलट तेलाचे दर चढू लागले की तोच आकडा विलक्षण चपळाईने बदलतो. या अनुभवातून 'भाव वाढतात तेवढे उतरत नाहीत' असा एक लोकसमज रूढ झालेला आहे. लोकसमज म्हणून तो बाजूला सारता येत नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे. परंतु त्यामागील कारणे मात्र सामान्यतः समजली जातात त्यापेक्षा अधिक गुंतागुंतीची आहेत.

प्रस्तुत लेखात इंधन दरातील घसरणीचा लाभ नेमका कोणापर्यंत पोहोचतो आणि वाटेत तो कोठे अडतो, याचे विवेचन पुण्यातील गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डाच्या संदर्भात केले आहे. या ठिकाणाची निवड हेतुपूर्वक केली आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या या आवारात भुसार, फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा आणि फुले असे सर्व विभाग आहेत. आग्र्याहून बटाटा घेऊन येणाऱ्या ट्रकपासून पुरंदरच्या शेतकऱ्याच्या पिकअपपर्यंत, गाळ्यावरील दिवाणजीच्या दुचाकीपासून किरकोळ विक्रेत्याने बोलावलेल्या 'छोट्या हत्ती'पर्यंत आणि बाहेर उभ्या असलेल्या सीएनजी रिक्षापर्यंत इंधन वापरणारा प्रत्येक वर्ग येथे एकाच आवारात भेटतो. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी या तिन्ही इंधनांच्या दरातील बदल येथे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

दरनिश्चितीची पार्श्वभूमी

सत्तरच्या दशकापासून देशात पेट्रोलियम पदार्थांचे दर शासननियंत्रित पद्धतीने ठरत असत. १ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत औपचारिकरीत्या संपुष्टात आली. प्रत्यक्षात मात्र दरांवरील शासनाचा हात पुढेही कायम राहिला. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते ४० डॉलरच्याही खाली आले. एवढ्या प्रचंड घसरणीनंतर ६ डिसेंबर २००८ रोजी पेट्रोल ५ रुपयांनी व डिझेल २ रुपयांनी स्वस्त करण्यात आले. ही कपात अपुरी असल्याचे सांगून मालवाहतूकदारांनी ५ जानेवारी २००९ पासून आठवडाभर देशव्यापी संप केला. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा तेवढीच कपात झाली.

या काळातील स्वस्ताई ही खऱ्या अर्थाने स्वस्ताई नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. दर वाढू नयेत म्हणून तेल कंपन्यांना तोटा सोसावयास लावला गेला आणि त्या तोट्याच्या भरपाईसाठी शासनाने २००५ ते २०१० या कालावधीत तेल रोखे दिले. त्यांच्या व्याजाचा व परतफेडीचा भार पुढील दीड दशके अर्थसंकल्पावर पडत राहिला. पंपावर वाचलेला रुपया करदात्याने दुसऱ्या दाराने भरला, एवढाच त्याचा अर्थ.

जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून संपूर्ण देशात दररोज दरबदल करण्याची पद्धत लागू झाली. बाजारभाव चढला तर ग्राहकाने अधिक द्यावे आणि उतरला तर त्याला कमी पडावे, हे या पद्धतीमागील तत्त्व होते. तत्त्व निर्दोष होते. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय झाले, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

घसरण वाटेत कोठे अडते?

जून २०१४ मध्ये भारताच्या खरेदीतील कच्च्या तेलाचा सरासरी दर पिंपामागे सुमारे १०९ डॉलर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो सुमारे २८ डॉलरवर आला. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. त्या त्या वेळचा रुपयाचा विनिमय दर (अनुक्रमे सुमारे ६० व ६७ रुपये) विचारात घेतला तर कच्च्या तेलाची लिटरमागील किंमत सुमारे ४१ रुपयांवरून १२ रुपयांवर आली, म्हणजे २९ रुपयांची घट झाली. याच काळात दिल्लीतील पेट्रोलचा किरकोळ दर सुमारे ७१ रुपयांवरून ५९ रुपयांवर, म्हणजे जेमतेम १२ रुपयांनी उतरला. डिझेल सुमारे ५७ रुपयांवरून ४४ रुपयांवर आले. कच्चे तेल आणि पेट्रोल ही एकच वस्तू नव्हे. शुद्धीकरण, वाहतूक, वितरकाचे कमिशन यांचे खर्च तेलाबरोबर उतरत नाहीत. तसेच २०१४ च्या मध्यास डिझेल अद्याप किंचित तोट्यात विकले जात होते, त्यामुळे घटीचा काही अंश तो तोटा भरून काढण्यात गेला. ही सर्व वजावट करूनही बराच मोठा फरक शिल्लक राहतो आणि त्याचा हिशेब उत्पादन शुल्कात सापडतो. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या कालावधीत केंद्र शासनाने उत्पादन शुल्कात नऊ वेळा वाढ केली. पेट्रोलवरील एकूण वाढ लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे, तर डिझेलवरील १३ रुपये ४७ पैसे होती. महाराष्ट्रात त्यात ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळ निवारणाच्या कारणाने लिटरमागे २ रुपयांची भर पडली.

हेच पुढे २०२० मध्ये अधिक ठळकपणे घडले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभरची मागणी कोसळली आणि भारतीय खरेदीचा सरासरी दर २० डॉलरच्या आसपास आला. मार्चमध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये अशी शुल्कवाढ होऊन पेट्रोलवरील उत्पादन शुल्क ३२ रुपये ९८ पैसे, तर डिझेलवरील ३१ रुपये ८३ पैसे झाले. फलकावरील दर त्या दिवशी या वाढीमुळे हलला नाही, म्हणून तिची तीव्रता जाणवली नाही. मिळू शकणारा लाभ मिळाला नाही, तर त्याची जाणीव ग्राहकाला सहसा होत नाही. करआकारणीच्या दृष्टीने दर उतरण्याचा काळ सर्वांत सोयीचा का असतो, याचे उत्तर येथे आहे.

येथे कराची रचना समजून घेणे आवश्यक आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रकमेचे असते, तर राज्याचा मूल्यवर्धित कर मुख्यतः टक्केवारीत असतो आणि तो उत्पादन शुल्कासह होणाऱ्या किमतीवर आकारला जातो. म्हणजे करावरही कर असतो. पेट्रोल व डिझेल जुलै २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले गेल्यामुळे ही दुहेरी रचना टिकून राहिली. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेट्रोलची मूळ किंमत ५५ रुपये आणि उत्पादन शुल्क २० रुपये मानले, तर ७५ रुपयांवर २५ टक्के दराने मूल्यवर्धित कर १८ रुपये ७५ पैसे होतो. मुंबई महानगर वगळता उर्वरित महाराष्ट्रात जुलै २०२२ च्या कपातीनंतर याच २५ टक्क्यांवर लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा अधिभार होता. तो मिळवला की विक्री किंमत ९८ रुपये ८७ पैसे येते (वितरकाचे कमिशन सोयीसाठी वगळले आहे). आता मूळ किंमत १० रुपयांनी उतरली तर मूल्यवर्धित कर १६ रुपये २५ पैसे होतो आणि विक्री किंमत ८६ रुपये ३७ पैसे होते. म्हणजे ग्राहकाला १० नव्हे, तर साडेबारा रुपये वाचतात. टक्केवारीतील कर घसरणीला हातभार लावतो. मात्र किमतीतील एकूण कराचा हिस्सा सुमारे ४४ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर जातो, कारण ठरावीक रकमेचे कर जागचे हलत नाहीत. दर पडू लागले की राज्य शासनांना महसुलाची चिंता वाटते ती यामुळेच आणि महाराष्ट्रासारख्या राज्याने टक्केवारीच्या जोडीला लिटरमागे अधिभार ठेवला तोही त्यामुळेच. वाणिज्य शाखेच्या वर्गात 'विशिष्ट कर' आणि 'मूल्यानुसारी कर' यांतील भेद शिकवताना यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

करावरील कराचे एक गमतीदार उदाहरण मे २०२२ मध्ये पाहावयास मिळाले. केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ८ व डिझेलवरील ६ रुपयांनी कमी केले. पाठोपाठ राज्य शासनाने पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैसे अशी स्वतःची कपात जाहीर केली. मुंबई परिसरातील तत्कालीन दरानुसार ८ रुपयांचे २६ टक्के म्हणजे २ रुपये ८ पैसे आणि ६ रुपयांचे २४ टक्के म्हणजे १ रुपया ४४ पैसे होतात. पायाभूत रक्कम घटल्यावर जी घट आपोआप होणारच होती, तिलाच कपात म्हटले गेले. राज्याची खरी कपात त्यानंतर, सत्तांतर झाल्यावर, जुलै २०२२ मध्ये आली. तेव्हा पेट्रोल लिटरमागे ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त झाले.

केंद्र आणि राज्य यांच्यातील वाटपाचाही येथे संबंध आहे. केंद्राच्या शुल्कातील फक्त मूलभूत उत्पादन शुल्क राज्यांशी वाटले जाते. उपकर व विशेष अतिरिक्त शुल्क वाटले जात नाही. फेब्रुवारी २०२१ नंतर पेट्रोलवरील ३२ रुपये ९० पैशांच्या शुल्कापैकी मूलभूत शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे होते. राज्यांनी आपला कर कमी करावा, असे आवाहन केंद्राने केले की राज्ये या आकड्याकडे बोट दाखवीत. केंद्र राज्यांच्या टक्केवारीकडे बोट दाखवी. वाहनधारक दोघांच्या मध्ये उभा असे.

करांव्यतिरिक्त तेल कंपन्यांच्या वर्तनाचाही विचार केला पाहिजे. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत पेट्रोल व डिझेलचे दर सुमारे १० रुपयांनी वाढले. त्यानंतर कंपन्यांनी दैनिक दरबदल थांबवला. जून २०२२ मध्ये ११६ डॉलरवर असलेले तेल जून २०२३ मध्ये ७५ डॉलरच्या आसपास आले, तरी कंपन्यांकडून दर उतरले नाहीत. अखेर लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, १५ मार्च २०२४ रोजी, २ रुपयांची कपात झाली. कंपन्यांची बाजू अशी की, तेल महाग असताना त्यांनी तोटा सोसला आणि स्वस्त झाल्यावर तो भरून काढला. यात तथ्य आहे; २०२२-२३ च्या पूर्वार्धात त्या खरोखर तोट्यात होत्या. परंतु २०२३-२४ मध्ये तीन सार्वजनिक कंपन्यांचा एकत्रित नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला, तेव्हा या युक्तिवादाची मर्यादाही स्पष्ट झाली. भाव चढताना अग्निबाणासारखे आणि उतरताना पिसासारखे वागतात, असे निरीक्षण रॉबर्ट बेकन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनमधील पेट्रोलविक्रीच्या अभ्यासातून मांडले होते. तेथील कारणे विक्रेत्यांच्या स्पर्धेशी निगडित होती. आपल्याकडे पिसाचा वेग पुष्कळ वेळा निवडणुकीच्या वेळापत्रकाने ठरतो.

एका नव्या घटकाचा उल्लेख थोडक्यात करावयास हवा. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाच्या रसापासून बनविलेल्या इथेनॉलचा खरेदी दर २०२३-२४ मध्ये लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे होता आणि तो शासन ठरवते. म्हणजे लिटरमधील पाचवा हिस्सा कच्च्या तेलाच्या घसरणीला प्रतिसादच देत नाही. शिवाय इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. दर लिटरमागे मोजला जातो, खर्च मात्र किलोमीटरमागे होतो. ऊस उत्पादक महाराष्ट्राला या धोरणाचा लाभ आहे, हे खरे. पण तो लाभ आणि वाहनधारकाचा लाभ एकच नव्हे.

गुलटेकडीतील हिशेब

आता प्रत्यक्ष वाहनधारकाकडे वळू. पुढील आकडेमोड उदाहरणादाखल आहे. अंतर, भार आणि सरासरी यांत फरक पडेल, पण प्रमाणाची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे.

भुसार विभागातील एखाद्या गाळ्यावर काम करणारा दिवाणजी कात्रज किंवा हडपसरच्या बाजूने रोज जाता-येता २० किलोमीटर दुचाकी चालवतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर सरासरी मानली, तर महिन्याला साडेअकरा लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. जुलै २०२२ मधील ५ रुपयांच्या कपातीने त्याचे महिन्याला सुमारे ५८ रुपये वाचले. मार्च २०२४ च्या २ रुपयांच्या कपातीने २३ रुपये. ही रक्कम किरकोळ आहे, असे महाविद्यालयीन प्राध्यापकाला वाटू शकते आणि दिवाणजीलाही बहुधा तसेच वाटते. कपातीच्या घोषणेचे राजकीय मूल्य तिच्या आर्थिक मूल्याहून कितीतरी मोठे असते ते यामुळेच. दुचाकीधारकांची संख्या अफाट, प्रत्येकाचा लाभ अल्प आणि आनंद मात्र सार्वत्रिक. पुण्यात तर २०१८ मध्येच नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे प्रसिद्ध झाले होते व त्यांत मोठा वाटा दुचाकींचा होता.

टेम्पोचालकाचे गणित वेगळे आहे. बाजारातून भाजी उचलून उपनगरांतील किरकोळ विक्रेत्यांपर्यंत नेणारा छोटा हत्ती दिवसाला ६० किलोमीटर चालतो आणि लिटरला १५ किलोमीटर देतो असे मानले, तर रोज ४ लिटर डिझेल लागते. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राने डिझेलवरील शुल्क १० रुपयांनी कमी केले होते. तशा कपातीने या चालकाचे दिवसाला ४० आणि पंचवीस दिवसांच्या महिन्यात १,००० रुपये वाचतात. ज्याचा बँकेचा हप्ता, विमा, टायर आणि परवान्याचा खर्च ठरलेला आहे, त्याच्या हातात महिनाअखेरीस उरणाऱ्या रकमेत १,००० रुपयांनी फरक पडतो. इंधन स्वस्ताईचा खरा लाभार्थी कोण, याचे उत्तर शोधावयाचे तर ते खासगी वाहनधारकापेक्षा या स्वयंरोजगारीच्या वाहनात अधिक सापडते.

मात्र हे १,००० रुपये त्याच्याच हातात राहतील की नाही, हे इंधनावर अवलंबून नाही. ते भाड्याच्या घासाघिशीवर अवलंबून आहे. पहाटे माल भरपूर आणि गाड्या कमी असतील, तर चालक जुनेच भाडे घेऊन बचत स्वतःकडे ठेवू शकतो. गाड्या रांगेने उभ्या असतील, तर डिझेल उतरल्याचे विक्रेत्यालाही ठाऊक असते आणि तो भाडे पाडून मागतो. करभाराचे संक्रमण मागणी व पुरवठ्याच्या लवचिकतेवर अवलंबून असते, असे पाठ्यपुस्तकात शिकविले जाते. ते येथे दर पहाटे घडते. फेऱ्या मिळण्याची खात्री नसलेला चालक बचतीचा मोठा भाग सोडून देतो, कारण उभी गाडी हप्ता फेडत नाही.

भाजी स्वस्त का होत नाही?

डिझेल उतरले म्हणजे भाजीपाला स्वस्त व्हावयास हवा, ही अपेक्षा सर्वत्र व्यक्त होते. ती कितपत रास्त आहे, हे आकड्यांवरून तपासता येते. नाशिकहून पुण्याचे अंतर सुमारे २१० किलोमीटर आहे. परतीचा माल मिळाला नाही असे मानून ४२० किलोमीटर धरले आणि ट्रक लिटरला ४ किलोमीटर जातो असे मानले, तर १०५ लिटर डिझेल लागते. लिटरमागे १० रुपयांच्या घसरणीने १,०५० रुपये वाचतात. ट्रकमध्ये १० टन कांदा असेल, तर ही बचत किलोमागे साडेदहा पैसे पडते. आग्र्याहून येणाऱ्या बटाट्याचे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. परतीचा माल मिळतो असे धरून एकेरी प्रवासाला ३०० लिटर डिझेल लागले, तर १६ टनांच्या भारावर किलोमागे सुमारे १९ पैसे. पुरंदरच्या शेतकऱ्याने दीड टन माल पिकअपमधून आणला आणि जाता-येता ६० किलोमीटरला ५ लिटर डिझेल लागले, तर किलोमागे तीन-सव्वातीन पैसे.

रविवारी आवक वाढली वा पावसाने घटली की याच बाजारात टोमॅटो, कोथिंबीर किंवा हिरव्या मिरचीचे भाव एका दिवसात किलोमागे कित्येक रुपयांनी खालीवर होतात. त्या लाटेत दहा-वीस पैशांचा प्रवाह दिसणे अशक्य आहे. तेव्हा इंधन स्वस्त होऊनही व्यापाऱ्यांनी भाजी स्वस्त केली नाही, हा आरोप पुष्कळ वेळा निराधार ठरतो. त्याच न्यायाने, डिझेल महागले म्हणून भाजी महागली, हे स्पष्टीकरणही तितकेच तपासून घ्यावे लागेल. ते मात्र सहसा कोणी तपासत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गंभीर आहे. माल विकल्यावर आडत्याकडून मिळणाऱ्या पट्टीत हमाली, तोलाई यांबरोबर मोटारभाड्याची रक्कम वजा केलेली असते. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला आणि पट्टीतील एक मोठी वजावट कमी झाली. मोटारभाडे मात्र राहिले. गावाहून येणाऱ्या गाडीचे भाडे बहुधा क्रेटमागे किंवा पोत्यामागे ठरते आणि ते हंगामभर तेच राहते. भाव पडून क्रेटला मातीमोल दर मिळाला तरी भाडे तेवढेच जाते. अशा वेळी भाड्यातील थोडीशी घटही पट्टीच्या तळाशी उरणाऱ्या रकमेच्या तुलनेत मोठी असते. ग्राहकाला जे दहा पैसे जाणवत नाहीत, तेच मंदीच्या दिवशी शेतकऱ्याला जाणवू शकतात.

रिक्षा आणि सीएनजी

रिक्षांचे प्रकरण या सर्वांहून वेगळे आहे, कारण त्यांचे भाडे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते. महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. पुण्यात सीएनजीचा दर किलोमागे ६८ रुपये ५० पैशांवरून ६२ रुपये २० पैसे झाला. मार्केट यार्ड, स्वारगेट परिसरातील रिक्षाचालकाच्या दृष्टीने ही मोठी सवलत होती. ती आठवडाभरही टिकली नाही; नैसर्गिक वायूचे मूळ दर वाढल्यामुळे महिनाअखेरीस तोच दर ७७ रुपये २० पैशांवर गेला. करकपात झाली नसती तर तो आणखी वाढला असता, हे अर्थशास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. परंतु रांगेत दोन-दोन तास थांबून गॅस भरणाऱ्या चालकाला या तर्काने समाधान मिळत नाही.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये देशांतर्गत वायूची किंमत भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी दराच्या १० टक्के ठेवण्याचे आणि तिला ६.५ डॉलरची कमाल मर्यादा घालण्याचे सूत्र स्वीकारले गेले. पुण्यात सीएनजी सुमारे ६ रुपयांनी उतरला. दरम्यान रिक्षाचे भाडे नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला १८ रुपयांवरून २१ आणि सप्टेंबर २०२२ मध्ये २५ रुपये झाले होते. पुढील प्रत्येक किलोमीटरचा दर १२ वरून १४ आणि नंतर १७ रुपये झाला. सीएनजी उतरल्यावर हे भाडे खाली आणले गेले नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हा अन्याय वाटतो. तथापि भाडेवाढ नेहमीच इंधनवाढीच्या मागून, कधीकधी वर्षावर्षांनी मागून आलेली आहे, या काळात चालकाने सोसलेला तोटाही हिशेबात धरावा लागतो. इंधनाशी भाडे दोन्ही दिशांनी बांधणारे सूत्र असते, तर चालकाला वाढीसाठी आंदोलन करावे लागले नसते आणि प्रवाशालाही घटीचा वाटा मागता आला असता.

असे सूत्र अव्यवहार्य नाही. मोठ्या कंपन्यांच्या मालवाहतूक करारांत डिझेलचा दर ठरावीक मर्यादेपेक्षा खालीवर झाल्यास भाडे त्या प्रमाणात बदलण्याचे कलम असते. मार्केट यार्डात मात्र करार तोंडी असतात. हमालांच्या बाबतीत या बाजाराचा इतिहास वेगळा आहे, डॉ. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीमुळे आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालीचे दर वाटाघाटीने, लेखी आणि मुदतबंद ठरू लागले. मालाची चढउतार करणाऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते माल आणणाऱ्या गाडीच्या चालकाला वा भाडे भरणाऱ्या शेतकऱ्याला मिळालेले नाही. बाजार समितीने भाजीपाला विभागासाठी अंतराच्या टप्प्यांनुसार क्रेटमागील भाड्याचा डिझेल दराशी जोडलेला तक्ता प्रसिद्ध केला, तर तो बंधनकारक नसला तरी घासाघिशीत दोन्ही पक्षांना आधार देईल. समिती रोजचे बाजारभाव फलकावर लावतेच. त्याच फलकावर त्या दिवशीचा डिझेलचा दर आणि त्यानुसार येणारे नारायणगाव, सासवड, नाशिकचे भाडे लिहिण्यास वेगळ्या कायद्याची गरज नाही.